निवृत्त गुंडाचा हिट फॉर्म्युला ‘मुळशी पॅटर्न’मध्ये का चालत नाही?

गुन्हेगारी सोडून संसाराला लागलेला माणूस. एक दिवस जुने वैरी दारात येतात आणि घरच्यांना वाचवण्यासाठी तो पुन्हा हत्यार उचलतो. कमी बजेटच्या ॲक्शन थ्रिलरचा हा हमखास फॉर्म्युला. १९९१ च्या ‘हम’मध्येही मुंबईचा टायगर शेखर बनून भावांसाठी जगतो आणि भूतकाळ त्याला शोधत येतो.

मराठीत मात्र ही गोष्ट उलटी फिरते.

२३ नोव्हेंबर २०१८ ला प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला. यात मोहन जोशींनी रंगवलेला सखा पाटील जमीन विकतो. पैसा संपतो आणि कालच्या मालकावर वॉचमन व्हायची वेळ येते. बापाचा हा अपमान पाहून पोरगा राहुल्या, म्हणजे ओम भूतकर, गुन्हेगारीत उतरतो. त्याच्या मते हे सगळं घरासाठीच असतं. पण बापाला ती कमाई नको असते.

यावरूनच महेश मांजरेकरांनी २०२१ मध्ये सलमान खानला घेऊन ‘अंतिम’ केला. त्यांच्याच १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये तर शेवटी आईच मुलावर गोळी झाडते. म्हणजे गुंड घराला वाचवत नाही, घरालाच गुंडाचा निकाल लावावा लागतो.

असं का? कारण या गोष्टीतलं संकट जुन्या वैऱ्यांकडून येत नाही, ते खरेदीखतावरच्या सहीने येतं.

मुळशीला लागूनच मावळ तालुका आहे. २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला. लोणावळ्यात बंगले वाढले, तळेगावात कारखाने आले, जमिनीचे व्यवहार गुंठ्यावर होऊ लागले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. जमीन विकून एका रात्रीत श्रीमंत झालेल्यांना ‘गुंठामंत्री’ हे नाव पडलं. पण शेत दरवर्षी पीक देतं, विकलेल्या गुंठ्याचे पैसे एकदाच मिळतात. गाडी, बंगला, थाटाचं लग्न यात ते गेले की हातात ना जमीन ना धंदा.

मावळात संघर्षाची दुसरी वाटही दिसली. पवना धरणाचं पाणी बंद पाइपलाइनने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ ला शेतकरी बऊर इथे एक्सप्रेसवेवर उतरले. पोलीस गोळीबारात तिघांचा जीव गेला. ही माणसं गुंड नव्हती. शेतीचं पाणी राहावं म्हणून ती रस्त्यावर आली होती.

म्हणूनच ‘मुळशी पॅटर्न’ नुसता हाणामारीचा सिनेमा ठरत नाही. राहुल्याच्या हातात पिस्तूल येतं तोवर सातबाऱ्यावरून बापाचं नाव गेलेलं असतं, आणि पिस्तुलाने ते परत येत नाही.