दूध पुरते, अपुरा पडतो तो आधार!

आपल्या वस्तीत बाळंतीण घरी आली की पहिल्या आठवड्यातच एक वाक्य कानावर येते. "तिला दूधच पुरत नाही." आधी सासू म्हणते, मग शेजारीण म्हणते, आणि दोन दिवसांनी ती बाळंतीण स्वतःच म्हणू लागते. संध्याकाळची वेळ, दहा बाय बाराची खोली, बाळ किरकिरते आहे, आई थकली आहे, नवरा कामावरून आला आहे. मग कोणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून पावडरचा डबा आणते. आणणाऱ्याच्या मनात काळजीच असते, यात शंका नाही. पण त्या डब्याबरोबर घरात आणखी काय काय येते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. मी कारकुनी करणारी बाई. हिशेब मांडणे हे माझे रोजचेच काम. म्हणून आज हा हिशेब मांडते.

आधी माझ्याच घरचा. थोरल्या मुलाच्या वेळी मला बारा आठवड्यांची रजा होती. रजा संपायच्या आधीच मी त्याला बाटलीची सवय लावली. दूध काढून ठेवता येते, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नाही. डबा महाग, म्हणून तो पुरवून वापरायचा. पाच चमच्यांच्या जागी तीन चमचे. रॉकेल वाचावे म्हणून बाटली उकळायची नाही, नुसती गरम पाण्याने विसळायची. चौथ्या महिन्यात त्याला जुलाब लागले. डोळे खोल गेले, टाळू खोल गेली, सलाईन लावावे लागले. चार रात्री मी इस्पितळाच्या बाकावर काढल्या. एका परिचारिकेने विचारले, "बाटली रोज उकळता का?" मी बी.कॉम. झालेली बाई, पण मला उत्तर देता आले नाही. मुलगा वाचला. पण ते चार दिवस मी विसरलेले नाही.

डब्याचा हिशेब

तीन महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण शंभर ग्रॅम पावडर लागते. म्हणजे चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो. महिन्याला सात-आठ डबे झाले. आपल्या दुकानातला भाव विचारा आणि गुणाकार करून पाहा. रोजंदारीच्या घरात हा खर्च झेपत नाही. मग पावडर पातळ होते आणि बाळ भरल्या पोटी उपाशी राहते. त्यात नळाचे पाणी, न उकळलेले निपल. जुलाबाचे औषध, रिक्षाचे भाडे, बुडालेला रोज, हे सारे त्याच डब्याच्या खात्यावर मांडायला हवे.

दुसऱ्या बाजूला काय आहे? आईचे दूध. ते उकळावे लागत नाही, मोजावे लागत नाही, रात्री दोन वाजताही तयार असते. शिवाय त्यात रोगाशी लढणारे घटक असतात, ते कोणत्याही डब्यात मिळत नाहीत. जन्मानंतरचे पहिले घट्ट, पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, त्यात तर ते सर्वांत जास्त असतात. आणि नेमका तोच चीक "जड आहे" म्हणून कित्येक घरांत पिळून फेकून दिला जातो! भगिनींनो, ती बाळाची पहिली लस आहे. एक थेंबही टाकू नका.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, असे डॉक्टर सांगतात. त्यातला 'फक्त' हा शब्द महत्त्वाचा आहे. फक्त म्हणजे पाणी नाही, मध नाही, साखरेचे पाणी नाही, घुटी नाही, ग्राइप वॉटर नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध आणि लसीचे डोस तेवढे चालतात. "उन्हाळ्यात बाळाच्या घशाला कोरड पडेल," असे आजी म्हणते. पण आईच्या दुधात १०० भागांपैकी सुमारे ८८ भाग पाणीच असते. मे महिन्यातही बाळाची तहान त्यातच भागते. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, कुस्करलेले केळे सुरू करावे आणि दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही अंगावर पाजत राहावे.

मग 'पुरत नाही' असे का वाटते?

कारण दुधाचा कारभार उलटा आहे. रांजणातले पाणी काढले की कमी होते. आईचे दूध जितके काढावे तितके वाढते. बाळ चोखते, तेव्हा दूध तयार होते. वरचे दूध सुरू केले की बाळ कमी चोखते, त्यामुळे दूध खरोखरच आटते, आणि मग सगळे म्हणतात, "बघा, आम्ही म्हणत होतो ना!"

बाळ रडले म्हणजे भुकेलेच आहे असे नाही. खरी खूण लंगोटात आहे. पहिला आठवडा सरल्यावर बाळ दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल आणि अंगणवाडीतल्या काट्यावर वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, ते दोन आठवड्यांत भरून येते. त्याला घाबरू नये.

अडचण बहुतेक वेळा धरण्यात असते. बाळाचे तोंड मोठे उघडलेले हवे, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा आणि नुसते स्तनाग्र नव्हे तर भोवतीचा काळा भागही तोंडात हवा. तसे नसेल तर आईला चिरा पडतात, बाळाचे पोट भरत नाही आणि दोघेही रडतात. एवढीशी गोष्ट! पण ती पुस्तकात वाचून जमत नाही. कोणीतरी शेजारी बसून दाखवावी लागते.

शेजारणीने केलेले काम

हे नुसते माझे मत नाही. बांगलादेशातल्या ढाका शहरात गरीब आणि निम्नमध्यमवर्गीय वस्त्यांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. तिथे डॉक्टर नेमले नाहीत. त्याच वस्तीतल्या, थोड्याफार शिकलेल्या, स्वतः मुलांना अंगावर पाजलेल्या बायांना दहा दिवस शिकवले. या बायांनी प्रत्येक आईच्या घरी पंधरा भेटी दिल्या. बाळंतपणाआधी दोन, नंतरच्या पहिल्या दिवसांत तीन आणि पुढे दर पंधरवड्याला एक. बाळ पाच महिन्यांचे झाले तेव्हा भेटी मिळालेल्या १०० पैकी ७० आया फक्त अंगावरच पाजत होत्या. ज्यांच्याकडे कोणी गेले नाही, त्यांच्यात हा आकडा होता अवघा सहा! शहर तेच, गरिबी तीच, दूधही तेच. फरक फक्त शेजारी येऊन बसणाऱ्या बाईचा.

आपल्या देशात हरियाणातल्या खेड्यांतही असेच दिसले. तिथे अंगणवाडी सेविका, नर्सबाई आणि दाई यांनाच शिकवून हे काम दिले. २००३ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: तीन महिन्यांच्या वयाला १०० पैकी ७९ बाळे फक्त आईच्या दुधावर होती, इतर गावांत ४८. सहा महिन्यांना ४२, आणि इतर गावांत केवळ चार. जुलाबाचे प्रमाणही कमी झाले. पाणी-घुटी बंद केल्याने बाळांच्या वाढीत काहीही कमी पडले नाही. आजीबाईंच्या शंकेला याहून चांगले उत्तर कोणते?

देशाची स्थिती सुधारते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली सहा महिन्यांखालील १०० पैकी ४६ बाळे फक्त आईच्या दुधावर होती. २०१९-२१ साली ती ६४ झाली. पण त्याच पाहणीत १०० पैकी सुमारे ८९ बाळंतपणे दवाखान्यात झालेली असताना जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे ४२ च्या आतच होती. दवाखान्यापर्यंत आपण पोहोचलो. आईच्या कुशीपर्यंत मात्र बाळ वेळेवर पोहोचत नाही.

सासूला वगळून चालणार नाही

समजावणे म्हणजे भाषण नव्हे. आमच्या महिला मंडळाच्या बाया घरोघर जातात, त्यात एक गोष्ट शिकायला मिळाली. नव्या आईला एकटीला गाठून उपयोग नसतो. घरात शब्द सासूचा चालतो. एका घरी सासू रागावूनच म्हणाली, "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?" आमच्यातली एक जण म्हणाली, "मावशी, तुम्ही तुमच्या पोरांना काय पाजलंत?" म्हातारी म्हणाली, "दोन-दोन वर्षं अंगावरच. डबा कुणाला परवडत होता?" "मग सुनेला तेच शिकवा की! तुमच्याएवढं आम्हांला कुठं येतंय?" त्या दिवसापासून ती सासूच आमची कार्यकर्ती झाली. सुनेला वेळेवर भाकरी, वरण, पाणी देते आणि रात्री बाळाला उचलून तिच्या कुशीत ठेवते. रात्रीच्या पाजण्यानेच दूध चांगले टिकते.

आणि बांधवांनो, बापाचेही काम आहे. डबा आणणे सोपे आहे. त्यापेक्षा पाण्याचा हंडा भरा, थोरल्या पोराला सांभाळा आणि "तुझं दूध पुरतंय" एवढे एक वाक्य बायकोला म्हणा.

कामावर जाणाऱ्या आईचे काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. धुणीभांडी करणारी, नाक्यावर उभी राहणारी आई सहा महिने घरी बसेल कशी? २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडले होते, की प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे. १९२९ साली तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवडे झाली. पण घरकाम करणाऱ्या आपल्या बहिणींच्या वाट्याला ही रजा आलेली नाही. पहिल्या बाळासाठी मातृ वंदना योजनेचे ५००० रुपये मिळतात, ते अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे नाव नोंदवून जरूर घ्यावेत. पण पाच हजारांत सहा महिने निघत नाहीत, हेही सरकारला सांगत राहिले पाहिजे.

तोवर काय करावे? कामावर जाण्यापूर्वी हाताने दूध काढून, उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवावे. आपल्या हवेत ते चार तासांच्या आत वापरावे आणि पुन्हा उकळू नये. घरच्यांनी ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे, बाटलीने नव्हे. आल्यावर आणि रात्रभर आईने अंगावर घ्यावे.

काही आयांना खरोखर अडचण असते. आईचे मोठे आजारपण, फार कमी वजनाचे बाळ. तिथे डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि त्या आईला कोणीही बोल लावू नये. अशा बाळांसाठीच मुंबईत शीव रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. मात्र कोणी डब्याचा फुकट नमुना हातात ठेवला, तर तो घेऊ नका. बाळाच्या पावडरीची जाहिरात करणे आणि नमुने वाटणे यांना १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

तेव्हा प्रत्येक महिला मंडळाने एवढे करावे. वस्तीतल्या गरोदर बहिणींची यादी करावी. दोन-तीन अनुभवी बायांनी आशाताईंकडून नीट शिकून घ्यावे. बाळंतपणाआधी एकदा, घरी आल्यावर तिसऱ्या दिवसाच्या आत एकदा आणि पुढे दर पंधरा दिवसांनी जावे. सोबत काही न्यायला नको. फक्त अर्धा तास बसावे, तिचे ऐकावे आणि बाळ नीट धरले आहे का ते पाहावे.

माझ्याकडे त्या वेळी कोणी आले नव्हते. तुमच्या शेजारच्या खोलीतल्या पोरीकडे तुम्ही जा.