घरोघरीचा विषाणू आणि एक विरळा आजार

विजय नगरातील आमच्या सभासद-कुटुंबांतून एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो: मल्टिपल स्क्लेरोसिसचे मूळ विषाणूत आहे असे डॉक्टर म्हणतात, तर घरातील रुग्णाची ताटवाटी वेगळी करावी काय? उत्तर आधीच देतो. मुळीच करू नये. हा आजार एकापासून दुसऱ्यास लागत नाही.

तरी विषाणूची गोष्ट खोटी नव्हे. विजेच्या तारेवर रबर असावे तसे आपल्या मज्जातंतूंवर वेष्टन असते. या आजारात शरीराची रक्षक शक्तीच त्यावर उलटते व ते जागोजाग झडते. मग कोणाची दृष्टी अंधुक होते, कोणाचे पाय जड पडतात. बहुधा हे ऐन विशी-तिशीत घडते, व स्त्रियांत अधिक. म्हणूनच एखाद्या सुनेचे दुखणे कामचुकारपणा ठरविले जाते, याचे आम्हांस फार वाईट वाटते.

१९६४ साली एपस्टीन, अचाँग व बार या संशोधकांनी लंडनमध्ये एक विषाणू शोधून काढला. तो लाळेवाटे पसरतो. आपल्याकडे बहुतेकांस तो लहानपणीच, कळूनही न येता, होऊन जातो आणि जन्मभर शरीरात दबून राहतो. अमेरिकेतील सैनिकांच्या जपून ठेवलेल्या रक्ताची तपासणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तीत ८०१ रुग्णांपैकी एक सोडून सर्वांस आजारापूर्वीच या विषाणूचा संसर्ग झालेला आढळला. त्याच वर्षी असेही दिसून आले की, विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतील एका प्रथिनाशी मिळताजुळता आहे. चोर समजून घरच्याच माणसास धरावे, तसा हा प्रकार.

मग विषाणू घरोघरी असता आजार इतका विरळा कसा? कारण एकट्या विषाणूने भागत नाही. डॉ. नोशीर वाडिया प्रभृतींनी मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी केली, तेव्हा इतर भारतीयांच्या मानाने तेथे हा आजार पुष्कळ अधिक आढळला. अर्थात आनुवंशिकतेचाही त्यात हात असावा. धूम्रपान व ड जीवनसत्त्वाची उणीव हीही भर घालतात.

साधा फ्लू झाला, की रुग्णाची जुनी लक्षणे तात्पुरती वर येतात. इंदूरच्या मे महिन्यातील उन्हानेही येतात. ताप उतरला की ती ओसरतात. मात्र नवे लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकल्यास मज्जातंतुतज्ज्ञांस दाखवावे. या विषाणूवर अद्याप लस निघालेली नाही. परंतु आजारास आवर घालणारी औषधे आहेत, व ती लवकर सुरू केल्यास लाभ अधिक होतो.