‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ : अल्प प्रमाण कसे शिकवावे?

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत इंग्रजी विषय २००० सालापासून पहिलीपासूनच सुरू झाला. तेव्हापासून त्या भाषेतील अगदी लहान शब्दांचा अर्थही नीट समजावून देण्याची जबाबदारी प्राथमिक शिक्षकावर आली आहे. असाच एक लहान शब्द म्हणजे ‘अ’.

‘देअर इज अ लिटल होप’ आणि ‘देअर इज लिटल होप’ ह्या दोन्ही वाक्यांचे भाषांतर विद्यार्थी बहुधा ‘थोडी आशा आहे’ असेच करतात. वस्तुतः पहिल्याचा अर्थ ‘थोडीफार आशा आहे’ असा, तर दुसऱ्याचा ‘आशा फारशी नाही’ असा आहे. आजारी माणसाविषयी आलेल्या पत्रात हे वाक्य असेल, तर एका अक्षराच्या चुकीने घरच्यांची समजूत किती उलटी होईल, ह्याचा विचार करावा.

ह्या शब्दांनी प्रमाण मोजले जात नाही. बोलणाऱ्याची दृष्टी व्यक्त होते. हे वर्गात सहज दाखविता येते. तांब्यात पाव भाग पाणी घ्यावे. ‘एका मुलाला तहान लागली आहे; पाणी आहे का?’ असे विचारावे. मुले ‘आहे’ म्हणतील. हे झाले ‘अ लिटल वॉटर’. मग ‘दहा जणांचा भात शिजवावयाचा आहे, पाणी आहे का?’ असे विचारावे. ‘एवढ्याने काय होणार?’ असे उत्तर येईल. हे झाले ‘लिटल वॉटर’. पाणी तेवढेच; गरज बदलली, म्हणून शब्द बदलला.

पाणी, दूध, वेळ, आशा ह्यांसारख्या न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘लिटल’ वापरतात. आंबे, मुले, पुस्तके अशा मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यू’ येतो. ‘अ फ्यू’ म्हणजे ‘काही थोडे आहेत’ आणि नुसते ‘फ्यू’ म्हणजे ‘फारसे नाहीत’. नियम तोच.

तीन ठिकाणी विशेष सावध राहावे. ‘अ लिटल बॉय’ म्हणजे ‘लहान मुलगा’. तेथे आकार किंवा वय सांगितले आहे, प्रमाण नव्हे. ‘ओन्ली अ लिटल’ मध्ये ‘अ’ असूनही कमतरतेचाच भाव आहे. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे तर ‘बरेच’.

बोलताना हा ‘अ’ अत्यंत हलका उच्चारला जातो, त्यामुळे मुलांच्या कानांतून तो निसटतो. म्हणून आरंभी दोन्ही वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहावीत व ‘अ’ रंगीत खडूने दाखवावा. नंतर वाक्ये नुसती वाचून दाखवावीत आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा : ‘बोलणारा आहे म्हणतो की नाही म्हणतो?’ मुलांनी ‘थोडीफार’ किंवा ‘फारशी नाही’ ह्यांपैकी एक पर्याय निवडावा. नियमाचे पाठांतर करून घेण्याची घाई करू नये.

मराठीतील ‘थोडेफार’ आणि ‘फारसे नाही’ ह्यांतील भेद मुलांना घरीच अवगत झालेला असतो. त्या ज्ञानाचा आधार घेतल्यास हा परका नियम त्यांना परका वाटणार नाही.