सुरसागरासमोरचे गाणे

गेल्या आठवड्यात बडोद्याहून टपालाने एक पाकीट आले. हल्ली टपालाने येते ते एखाद्या कंपनीचे वार्षिक अहवाल नाहीतर विम्याच्या हप्त्याची आठवण. त्यामुळे निळ्या शाईत हाताने लिहिलेला पत्ता पाहून जरा दचकलोच. आत वहीचा एक घडी घातलेला कागद होता. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयात या हिवाळ्यात विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या ज्या मैफली व्हायच्या आहेत, त्यांच्या तारखा त्यावर एकाखाली एक नीट उतरवल्या होत्या, लेजरात नोंदी कराव्यात तशा. खाली एकच ओळ होती : 'साहेब, या वेळी क्लोजिंग नाही, तेव्हा यावे.'

ही ओळ लिहिणारीची हकिकत पुढे येईलच. आधी त्या महाविद्यालयाविषयी सांगायला हवे, कारण पुण्यामुंबईच्या रसिकांना, आणि मी स्वतःला त्यांतच धरतो, गाण्याचे सगळे माहेर मिरज-कोल्हापूर-पुणे या पट्ट्यातच आहे असे वाटत असते.

माझी बडोद्याला बदली झाली ती १९८९ साली, रावपुऱ्यातल्या शाखेत, अकाउंटंट म्हणून. सयाजीराव गायकवाडांनी १९०८ साली बडोद्यात बँक स्थापन केली, हे बँकेतल्या माणसाला ठाऊक असतेच. (माझी बँक ती नव्हे. माझी निराळी, आणि या लेखात तिचे नाव नसलेलेच बरे.) पण बँकेच्या बावीस वर्षे आधी, १८८६ साली, याच राजाने गायनशाळा काढली होती, हे मला तिथे गेल्यावर कळले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. गायनशाळा निघाली तेव्हा त्याचे वय तेवीसच्या आसपास. आधी गाणे, मग बँक. हा क्रम मला त्या वेळी गंमतीचा वाटला होता. आता तो बरोबर वाटतो.

गायनशाळा म्हणजे काय, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्या काळी बडोदे संस्थानात गवई, वादक, नाचणाऱ्या यांचे एक खातेच होते. 'कलावंत कारखाना' हे त्याचे नाव. मराठेशाहीत कारखाना म्हणजे खाते. जसा हत्तींचा कारखाना, तसा कलावंतांचा. नेमणुका, पगार, हजेऱ्या, रजा, सारे कागदोपत्री. पण या कलावंतांचे गाणे दरबाराचे. शिकायचे तर उस्तादाचा गंडा बांधायचा, वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबायचे, आणि त्याच्या मनात येईल तेव्हा तो देईल ते घ्यायचे. गायनशाळेने हे उलटे केले. मौलाबक्ष नावाचा एक मोठा आणि कल्पक गवई तिच्या प्रमुखपदी आला. त्याने गाणे कागदावर लिहिण्याची स्वतःची स्वरलिपी बसवली, क्रमिक पुस्तके लिहिली. तास, इयत्ता, फळा, परीक्षा, हे सारे गाण्याला चिकटले. बुजुर्गांना ते रुचणे शक्यच नव्हते. सूर कधी फळ्यावर येतो का, हा त्यांचा प्रश्न, आणि तो अगदीच चुकीचा होता असे मला वाटत नाही. पण त्या फळ्यामुळे दरबाराशी काडीचाही संबंध नसलेल्या घरातला पोरगा गाण्याच्या खोलीत येऊन बसू शकला. हेच खरे मोठे काम.

पुढे १९१६ साली भातखंडे यांनी भरवलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात झाली. आग्रा घराण्याचे फैयाजखाँ इथलेच दरबारी गायक, १९५० साली इथेच वारले. त्यांची कबर इथे आहे, आणि २००२च्या दंगलीत तिची नासधूस झाली, हेही याच शहराच्या खात्यावर लिहावे लागते. अब्दुल करीमखाँ काही काळ इथल्या दरबारी होते. इथल्या माने घराण्यातल्या ताराबाईंना घेऊन त्यांनी बडोदे सोडले, आणि त्यांच्या मुलीने आडनाव लावले ते बडोदेकर. हिराबाईंचे गाणे महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, पण त्या आडनावातले गाव कुणाला आठवत नाही.

१९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले, हंसा मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि गायनशाळेची ही परंपरा विद्यापीठात आली. इमारत सुरसागर तलावासमोर. न्यायमंदिराच्या बाजूने चालत आलात की रिक्षांच्या भोंग्यांतून मधूनच एखादा तानपुरा ऐकू येई. माझ्या शाखेपासून पायी दहा मिनिटे.

तिथल्या संध्याकाळच्या मैफलींना मी पहिल्यांदा गेलो तो फुकट म्हणून, हे प्रांजळपणे कबूल करतो. बिऱ्हाड मुंबईला, मी एकटा, खानावळ साडेआठनंतर. मधले दोन-अडीच तास घालवायचे कुठे? सतरंजी, मागे दोनचार रांगा खुर्च्या, आधी दोन विद्यार्थी आणि शेवटी एखादे शिक्षक किंवा बाहेरचा कलावंत, असा साधा बेत. विद्यार्थ्याला अर्धा-पाऊण तास मिळे. पहिली दहा मिनिटे तो घाबरलेला. विलंबित ख्याल घेतो, सम गाठताना तबलजीकडे असा पाहतो, जणू रस्ता ओलांडताना पोलिसाकडे पाहावे. तबलजीही विद्यार्थीच, तो याच्यापेक्षा घाबरलेला! मग केव्हातरी, आलापीत एखादी जागा मनासारखी लागते, स्वतःलाच ती ऐकू येते, आणि चेहरा बदलतो. तो बदललेला चेहरा पाहणे हे माझे व्यसन झाले. नामवंतांच्या मैफलीत ते सापडत नाही. त्यांचे चेहरे आधीच तयार होऊन आलेले असतात.

या संध्याकाळींची दुखणीही होती, आणि आजही सगळ्याच विद्यापीठांत ती असावीत. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, 'दोन शब्द' म्हणून सुरू झालेली वीस मिनिटे. आणि सर्वांत मोठे दुखणे म्हणजे आईबाप. आपल्या मुलीचे गाणे झाले की हे कुटुंब सतरंजीवरून उठते, पिशव्या गोळा करते, चपला शोधते आणि जाते. पुढच्या मुलाचा षड्ज लागत असतो तो या चपलांच्या आवाजात. मी एकदा एका गृहस्थांना हे बोललोही. ते म्हणाले, ''अहो, आमचं झालं ना!''

पण मी तरी कोण लागून गेलो होतो? आमच्या शाखेत एक मुलगी कारकून होती. बडोद्यातलीच मराठी, म्हणजे 'मी जाऊन आवते' अशा थाटाची गुजरातीत भिजलेली मराठी बोलणारी. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला ती गाणे शिकत होती. हे मला ठाऊक होते. महाविद्यालयात ती मला पाहून पदर सावरून उभी राही, आणि मी 'बसा, बसा' म्हणे. १९९१च्या सप्टेंबरअखेरची गोष्ट. सहामाही क्लोजिंग. शाखेत संगणक नव्हता. बचत खात्यांची लेजरं हाताने जुळवायची, आणि जुळेपर्यंत कुणी उठायचे नाही, हा अलिखित कायदा. फरक येत होता चोपन्न रुपयांचा. पाच वाजता ती माझ्या टेबलापाशी आली.

''साहेब, साडेपाचला निघू का? सहाला माझं गाणं आहे.''

मी मान वर न करता म्हणालो, ''आज? आज कुणीच निघत नाही.''

''माझी लेजरं जुळलीत, साहेब.''

''शाखेची जुळली नाहीत ना?''

ती काही बोलली नाही. परत जाऊन बसली. सव्वासहाच्या सुमाराला एक मुलगा सायकलवरून आला, शटर अर्धे खाली होते, त्याखालून वाकून त्याने आत पाहिले. तिने मान हलवली, तो गेला. त्या दिवशी साथीला तोच बसणार होता, हे मला नंतर कळले. फरकाला नवाने भाग जात असला तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलेले. तो सवा नऊला तिनेच शोधून काढला. अठ्ठावीसच्या जागी ब्याऐंशी. नोंद माझ्या हाताची होती.

त्यानंतर ती त्याविषयी अवाक्षर बोलली नाही. मीही बोललो नाही. ती पुढे गायली असेल, मी ऐकली नाही. मी त्या मैफलींना जाणे हळूहळू सोडले, कारण विचारले असते तर काम वाढले असे सांगितले असते. १९९३ला मुंबईला परतलो. २००१ साली पुष्कळांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तशी तिनेही घेतल्याचे कुणीतरी सांगितले. आता घरी मुले शिकवते. यंदाच्या मैफलींत तिच्याकडे सुरुवात केलेली दोन मुले गाणार आहेत, हे मला त्याच सहकाऱ्याने फोनवर सांगितले. तिच्या कागदावर त्याचा उल्लेख नाही.

शाळा-कॉलेजांतून गवई तयार होत नाहीत, असा एक जुना टोमणा आहे. विद्यापीठांनी मैफली करायच्या कशाला, पैसे द्यायचे कशाला, हा प्रश्न त्यातूनच येतो, आणि अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की आधी इथेच लागते. वर्षाला वीस मुले बाहेर पडली तर त्यांतला एखादाच मंचावर टिकतो, हे खरे धरले तरी उरलेल्या एकोणीसांचे काय? आमच्या बँकेच्या भाषेत ती नॉन-परफॉर्मिंग मालमत्ता! बुडीत खाती धरून निर्लेखित करायची. बडोद्याचाच एक दाखला देतो. श्रीकृष्ण रातंजनकर नावाच्या मुंबईच्या एका मराठी मुलाला बडोदे संस्थानाने शिष्यवृत्ती देऊन फैयाजखाँकडे शिकायला ठेवले. तो मुलगा पुढे लखनौच्या मॅरिस कॉलेजचा प्राचार्य झाला. गायक म्हणून त्यांना मिळायला हवी तेवढी टाळी कधी मिळाली नाही. पण गिंडे, भट, कायकिणी, सुमती मुटाटकर हे सारे त्यांचे विद्यार्थी, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी आज कुठे कुठे शिकवताहेत याची यादी करायला बसलो तर ही पुरवणी पुरणार नाही. संस्थानाने त्या शिष्यवृत्तीचे व्याज कोणत्या लेजरात धरायचे होते?

तानसेन नाही तरी कानसेन, ही कोटी आता फार गुळगुळीत झाली आहे, म्हणून ती मी करत नाही. मला म्हणायचे आहे ते इतकेच की, तिकीट नसलेली मैफल ही एकच अशी जागा आहे जिथे अजून कच्चा असलेला आवाज पाऊण तास ऐकून घेतला जातो. तिथे पुढ्यात बसणाऱ्यांत परीक्षक, सहाध्यायी आणि आईबाप यांखेरीज चार परकी माणसे असली पाहिजेत. परकी माणसे समोर बसली की मुलगा परीक्षेला बसल्यासारखा गात नाही, गाणे ऐकवतो. हा फरक मी दीडदोनशे संध्याकाळी डोळ्यांनी पाहिला आहे. आपल्या गावात विद्यापीठ असेल, त्यात संगीताचा विभाग असेल, तर दिवाळीनंतर फलकावर कागद लागतील. खाली नाव कुणाचे आहे ते पाहू नका. नाव अजून झालेले नसते.

मी सकाळच्या गाडीचे आरक्षण केले आहे. मैफल सहाला सुरू व्हायची म्हणजे साडेसहा धरावेत, शाल-श्रीफळ झाले तर पावणेसात. तरी साडेपाचलाच जाऊन बसणार आहे. तिला उत्तर लिहायला घेतले तेव्हा मायना काय घालावा तेच सुचेना. बँकेत तिला नुसते आडनावाने हाक मारत असे. शेवटी 'आदरणीय' असे लिहिले, आणि खाली लिहिले की त्या दिवशीची ती नोंद माझी होती, हे तुम्हाला तेव्हाच दिसले असणार.