यकृताचा कर्करोग आणि प्रयोगशाळेतील विषे

लोण्याला मोहक पिवळा रंग यावा म्हणून पाश्चात्य देशांत एके काळी एक कृत्रिम रंगद्रव्य वापरीत असत. व्यापारात त्याचे नावच 'बटर यलो', म्हणजे लोण्याचा पिवळा रंग, असे होते. १९३६ च्या सुमारास किनोशिता या जपानी शास्त्रज्ञाने हे रंगद्रव्य पांढऱ्या उंदरांच्या खाद्यात मिसळले. काही महिने लोटल्यावर त्या उंदरांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी आढळून आल्या. पुढे खाद्यपदार्थांतून या रंगाची हकालपट्टी झाली. प्रयोगशाळेत मात्र तो पुष्कळ वर्षे टिकून राहिला. जे द्रव्य माणसाच्या ताटातून काढून टाकावयाचे, तेच मुक्या प्राण्याच्या ताटात हेतुपुरस्सर का वाढावयाचे, असा प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनात यावा हे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. लंडनचा शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट याने १७७५ मध्ये असे दाखवून दिले की, धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढील आयुष्यात एका विशिष्ट प्रकारचा त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण अंगाला चिकटून राहणारी काजळी हे आहे. निरीक्षण अचूक होते. परंतु प्रयोगाने ते सिद्ध व्हावयास १४० वर्षे जावी लागली. १९१५ मध्ये टोकियोच्या यामागिवा व इचिकावा या दोघांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळले आणि अखेर तेथे कर्करोग निर्माण झाला. रसायनाने कर्करोग होतो, एवढेच नव्हे तर माणूस तो ठरवून उत्पन्न करू शकतो, हे त्या दिवशी प्रथमच जगाला कळले. रोग आपोआप होण्याची वाट पाहत बसले तर त्याची सुरुवात कधीच दृष्टीस पडत नाही. रुग्ण वैद्याकडे येतो तेव्हा कथेचे शेवटचे प्रकरण चालू असते. पहिले प्रकरण वाचावयाचे असेल, तर रोगाचा पहिला दिवस कोणता हे ठाऊक असले पाहिजे. आणि प्रयोगाखेरीज ते शक्य नाही.

डांबराचा परिणाम जेथे ते लावले तेथेच झाला होता. सासाकी व योशिदा या जपानी संशोधकांनी १९३५ च्या सुमारास याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांनी एक रंगद्रव्य उंदरांना खाऊ घातले. ते तोंडातून गेले, जठरातून गेले, आतड्यांतून गेले. पण कर्करोग झाला तो यकृताला. विष ज्या मार्गाने आत शिरले तो मार्ग सुरक्षित राहिला आणि आतला एकच अवयव बळी पडला. असे का व्हावे?

आतड्यांत शोषलेल्या अन्नरसाचा बराच मोठा भाग रक्तावाटे प्रथम यकृतात येतो. जुन्या वाड्याच्या देवडीवर येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती होत असे, तशी येथे प्रत्येक पदार्थाची झडती होते. जे पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत ते सहजासहजी शरीराबाहेर टाकता येत नाहीत. म्हणून यकृतातील एन्झाइमे त्यांच्यावर प्राणवायूची क्रिया घडवून त्यांना विरघळण्याजोगे रूप देतात. औषधे, मद्य, रंग, सर्वांची वासलात लावणारी ही व्यवस्था शरीराच्या रक्षणासाठीच आहे. परंतु काही रसायनांच्या बाबतीत याच क्रियेमुळे एक अत्यंत तीव्र असे मधले रूप तयार होते. ते क्षणभरच टिकते. पण तेवढ्या क्षणात पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटते. पेशी दुभंगताना त्या ठिकाणी आनुवंशिक अक्षर चुकीचे उतरते आणि ती चूक पुढच्या प्रत्येक पिढीत जशीच्या तशी जाते.

हे रहस्य उलगडण्याचे मोठे श्रेय अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जेम्स व एलिझाबेथ मिलर या दांपत्याकडे जाते. कीटकनाशक म्हणून तयार केलेले ॲसिटिलअमिनोफ्लुओरीन हे द्रव्य उंदरांना कर्करोग देते, असे १९४१ मध्ये आढळले होते. गिनीपिगला मात्र त्याची बाधा होत नसे. मिलर दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्याने १९६० मध्ये उंदराच्या शरीरात तयार होणारे या द्रव्याचे बदललेले रूप शोधून काढले. हेच रूप मूळ द्रव्यापेक्षा अधिक घातक होते, आणि गिनीपिगच्या शरीरात ते बनत नव्हते. कर्करोगाचे बी बाहेरून येते खरे; पण पुष्कळदा त्याला कोंब फोडतो तो यकृताचाच हात, ही गोष्ट यातून स्पष्ट झाली.

आज यकृताच्या कर्करोगाच्या अभ्यासात डायएथिलनायट्रोसामीन हे द्रव्य फार वापरले जाते. त्याच्याच जातीतील एका द्रव्याने उंदरांत यकृताचा कर्करोग होतो, हे इंग्लंडमधील मॅगी व बार्न्स यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले होते. लहान जातीच्या उंदराच्या दोन आठवड्यांच्या पिलाला या द्रव्याची एकच अल्प मात्रा टोचली, तर वर्षाच्या आत बहुतेक सर्व नरांच्या यकृतात गाठी होतात. माद्यांत मात्र त्या फार थोड्यांना होतात. माणसांतही हा रोग स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. २००७ मध्ये अमेरिकन संशोधकांनी या भेदाचे एक कारण दाखविले. विषाने यकृताला इजा झाली की तेथे दाह उत्पन्न करणारा एक संदेशद्रव पाझरतो, आणि स्त्रीत्वाचे इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्या पाझराला आवर घालते.

कॅनडातील सोल्ट व फार्बर यांनी १९७६ मध्ये मांडलेली पद्धतही बोधप्रद आहे. त्यांनी उंदराला प्रथम नायट्रोसामीन दिले. नंतर सामान्य पेशींची वाढ रोखणारे दुसरे द्रव्य खाद्यातून दिले, आणि त्याच काळात शस्त्रक्रियेने यकृताचा दोनतृतीयांश भाग कापून काढला. गमावलेला भाग यकृत पुन्हा वाढवू शकते. पण येथे निरोगी पेशींचे हात बांधलेले असल्यामुळे विषाला न जुमानणाऱ्या बदललेल्या पेशीच तेवढ्या वाढल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या गाठी डोळ्यांना दिसू लागल्या. विशेष हे की, त्यांपैकी बहुसंख्य गाठी कालांतराने विरून गेल्या. थोड्याच पुढे कर्करोगापर्यंत पोहोचल्या. म्हणजे कर्करोग हा एका क्षणी कोसळणारा आघात नसून पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा रोग आहे, आणि जेथे पायऱ्या आहेत तेथे वाटेत अडविण्याची संधीही आहे.

हे सारे परदेशातील प्रयोगशाळांपुरतेच आहे, असे मात्र समजू नये. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि तिला एका बुरशीने ग्रासले होते. त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी अशी पेंड खाऊ घातलेल्या उंदरांत यकृताचा कर्करोग दिसून आला. १९७४ च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानमधील बांसवाडा या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला व बुरसटलेला मका खाल्ल्याने आदिवासी वस्त्यांत काविळीची साथ पसरली. ३९७ रोग्यांपैकी १०६ दगावले. त्यांच्याच घरचे अन्न खाणारी कुत्रीही त्यातून सुटली नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या साथीचा छडा लावला.

त्याच हैदराबादेत माधवन व गोपालन यांनी त्याआधी, १९६० नंतरच्या दशकात, उंदरांवर महत्त्वाचे प्रयोग केले होते. प्रथिने कमी मिळालेल्या उंदरांना अफ्लाटॉक्सिनची तात्कालिक बाधा अधिक झाली. परंतु दीर्घकाळ अल्प मात्रा देत राहिल्यावर कर्करोग झाला तो भरपूर प्रथिने खाणाऱ्यांना! विषाला तीव्र रूप देणारी यकृताची यंत्रणा सुपोषित प्राण्यात अधिक जोमाने चालते, असा याचा उलगडा करण्यात येतो. यावरून उपासमार हितकर ठरत नाही, कारण कुपोषित जिवाला ते विष आधीच गाठते. दोष अन्नाचा नसून बुरशीचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अफ्लाटॉक्सिनने आपली खूण माणसातही मागे ठेवली आहे. १९९१ मध्ये चीनमधील व दक्षिण आफ्रिकेतील यकृत-कर्करोगाच्या पुष्कळशा गाठींत पी-५३ या जनुकाच्या एकाच ठिकाणी एकच अक्षर बदललेले आढळले. प्रयोगशाळेत हे विष डीएनएच्या ज्या अक्षराला चिकटते, तेच ते अक्षर होते. शांघायमधील १८,२४४ पुरुषांच्या पाहणीत असे दिसले की, केवळ या विषामुळे धोका सुमारे ३ पट वाढतो, केवळ हेपेटायटिस-बी या विषाणूमुळे सुमारे ७ पट, आणि दोन्ही एकत्र आल्यास सुमारे ६० पट.

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसाचा यकृत-कर्करोग बहुधा विषाणू, मद्य वा मेद यांमुळे वर्षानुवर्षे जखमी होऊन कठीण बनलेल्या यकृतात उद्भवतो. नायट्रोसामीन टोचलेल्या उंदराचे यकृत तसे नसते. अपस्मारावरील फेनोबार्बिटल हे औषध उंदरांत यकृताच्या गाठी वाढविते; परंतु ते वर्षानुवर्षे घेणाऱ्या रोग्यांत तसा परिणाम सिद्ध झालेला नाही. म्हणून प्रयोगाच्या साक्षीला रुग्णांच्या पाहणीची जोड हवीच.

शिवाय प्रत्येक प्रयोगामागे जिवंत प्राण्याची वेदना असते. शक्य तेथे प्राण्यांऐवजी अन्य साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि त्यांचे क्लेश हलके करावेत, हे तीन दंडक रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये घालून दिले. अनावश्यक प्रयोग हे पाप, आणि केलेल्या प्रयोगातून मिळालेले ज्ञान वाया घालविणे हे त्याहून मोठे पाप होय.

ते ज्ञान वाया जाऊ द्यावयाचे नसेल, तर त्याचा आरंभ घरातूनच होऊ शकतो. मका व भुईमूग खणखणीत वाळवूनच साठवावा. बुरसटलेला, काळवंडलेला वा कडवट लागणारा शेंगदाणा निवडून फेकून द्यावा. तो भाजल्याने वा शिजविल्याने त्यातील विष पुरते जात नाही. नवजात बालकाला हेपेटायटिस-बीची लस वेळेवर टोचून घ्यावी. रोगाच्या ज्या पायऱ्या शास्त्रज्ञांनी एवढ्या सायासाने मोजल्या, त्यांतील पहिलीच पायरी चढू न देणे हे पुष्कळ अंशी गृहस्थाच्या आणि गृहिणीच्या हाती आहे.