माळ्यावरची ‘इंग्लंडची’ सायकल

माळ्यावरून काळी सायकल उतरवली, पुढच्या नळीवर रॅलेचा बगळा दिसला, की घरातलं कोणीतरी हमखास सांगतं, “आजोबांनी खास इंग्लंडची घेतली होती.” असेलही. पण १९५०च्या दशकापासून सेन-रॅले कंपनी पश्चिम बंगालमध्ये आसनसोलला रॅले बनवत होती आणि हर्क्युलिस मद्रासजवळच्या अंबत्तूरला तयार होत होती. तेव्हा बगळ्याभोवतीची बारीक अक्षरं वाचा. ‘नॉटिंगहॅम’ असेल तर दाव्यात दम आहे. बिल्ला बदललेला वाटला तर चेनव्हील बघा: रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची डोकी, रजच्या पंजा, हंबरच्या धावणारी माणसं कोरलेली असतात. हंबरच्या चिमट्याचा प्रत्येक पाय तर दोन-दोन बारीक नळ्यांचा असतो.

फ्रेमच्या नंबरवरून साल कळतं, हाही एक लाडका समज. रॅलेच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. मागे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर तो पुसून पाहा. ‘५४’ असे आकडे म्हणजे १९५४. अर्थात ते हबचं साल. चाक मागाहून बदललेलं असू शकतं. नगरपालिकेचा सायकल कराचा बिल्ला सापडलाच, तर त्यावर कर भरल्याचं साल असतं, खरेदीचं नव्हे.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र हौसेने होतं. ‘नवीकोरी’ करायची म्हणून लोक सायकल घासून काळ्या रंगाने फवारून घेतात आणि हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा कायमच्या जातात. माझ्या मते मूळ रंग, टवके उडालेला का असेना, ठेवावाच. क्रोमवरच्या गंजाला पॉलिश पेपर लावू नका. पाण्यात बुडवलेल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने तो निघतो.

खरं काम आत असतं, ओव्हरऑइलिंगचं. कॉटर पिन नुसती ठोकली की वाकते. नट पिनेच्या टोकापर्यंत सैल करा, क्रँकखाली लोखंडी पाइपाचा टेकू द्या आणि मग एकच दणका. डावं पायडल उलट्या आट्याचं, हे नवशिक्या मेकॅनिकलाही कधी कधी सांगावं लागतं. बॉटममध्ये दोन्हीकडे पाव इंची अकरा-अकरा छर्रे नवे टाका, पण रॅलेचे कप शाबूत असतील तर तेच ठेवा. त्यांचे आटे इंचाला २६, बाकी बहुतेक ब्रिटिश सायकलींचे २४. दुसरा कप जबरदस्तीने फिरवलात तर फ्रेमचे आटे गेले.

“आता पार्ट कुठे मिळणार?” ही भीती मात्र फुकाची. दांडीच्या ब्रेकवाल्या काळ्या सायकली इथे आजही विकल्या जातात, त्यामुळे ब्रेकचे रबर, कॉटर, २८ × १½ टायर गावच्या दुकानातही मिळतात. दुकानदाराला नुसतं ‘अठ्ठावीसचा’ म्हणू नका. नव्या ७००-सी टायरवरही २८ लिहिलेलं असतं, पण त्याचा रिमवर बसणारा व्यास ६२२ मिलिमीटर. तुम्हाला हवा तो ६३५चा.