पहिलें दूध आणि घरची भाषा

तापीच्या कांठीं वसलेल्या सारंगखेडा गांवीं दत्तजयंतीस घोड्यांचा बाजार भरतो. तेथें येणाऱ्या जाणत्या घोडेवाल्यास कोणी सांगावयास नको कीं, शिंगरू जन्मतांच त्यास घोडीचें पहिलें पिवळसर दूध, म्हणजे चीक, मिळालेंच पाहिजे. रोगाशीं झुंजण्याचें बळ शिंगराच्या अंगीं त्या चिकांतूनच येतें. माणसाच्या बाळास असें कांहीं बळ गर्भांतच मिळतें हें खरें. तरी आईचा चीक हेंच त्याच्याहि आतड्याचें पहिलें संरक्षण होय. असें असतां तोच चीक जड किंवा दूषित समजून पिळून टाकण्याची व बाळास गुळाचें पाणी किंवा मध चाटविण्याची चाल अनेक घरांत चालत आली आहे. गाईच्या चिकाचा खरवस मात्र आवडीनें खाल्ला जातो!

या चालीस अडाणीपणा म्हणून हिणविल्यानें कांहींच साधत नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांत २०११ च्या शिरगणतीप्रमाणें १०० पैकीं सुमारें ६९ माणसें आदिवासी आहेत. घरीं भिली, पावरी किंवा अहिराणी बोलणारी बाळंतीण दवाखान्यांतील ग्रांथिक मराठींतला उपदेश मुकाट्यानें ऐकते, मान डोलावते आणि घरीं सासू सांगेल तसें करते. तिनें दुसरें काय करावें? उपदेश करणारी उद्यां दुसऱ्या गांवीं जाईल. सासू आणि सुईण मात्र जवळच राहणार. म्हणून तो आधीं त्यांना पटला पाहिजे, आणि तोहि त्यांच्याच बोलींत.

सांगावयाचें तें फार नाहीं. जन्मानंतर तासाभराच्या आंत बाळ अंगावर घ्यावें. पहिल्या दिवशीं त्याच्या पोटांत चहाच्या चमचाभर दूध मावतें. तेव्हां चीक थोडा दिसला म्हणून घाबरूं नये. सहा महिने दुसरें कांहीं, पाणीसुद्धां, देऊं नये. खानदेशच्या वैशाखांत हें कोणासहि निर्दय वाटेल. परंतु आईच्या दुधाच्या १०० भागांत सुमारें ८७ भाग पाणीच असतें. ‘दूध येत नाहीं’ या तक्रारीचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें कीं, बाळाच्या तोंडांत केवळ स्तनाग्र असतें, भोंवतालचा काळसर भाग नसतो. बाळंतिणीस विसावा देणें, बाळ तिच्या कुशींतच निजविणें, या जुन्या चाली मात्र उत्तम आहेत. त्यांस हात लावूं नये.

गांवच्याच स्त्रियांकडून हें काम होतें, याचा पुरावा गडचिरोलींत मिळाला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९९३ नंतर ३९ गांवांत तेथल्याच स्त्रियांस नवजात बाळाची काळजी शिकविली. तुलनेच्या गांवांच्या मानानें तेथें नवजात बाळांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं उतरले. प्रश्न केवळ आपल्याकडचाहि नव्हे. गुलामगिरींत स्वतःचें मूल दूर सारून मालकाचें मूल पाजावें लागलेल्या स्त्रियांची आठवण अमेरिकेंतील कृष्णवर्णीय घरांत अजून जिवंत आहे. २०१३ पासून त्यांच्यांतल्याच माता ऑगस्टअखेर स्तनपानाचा स्वतंत्र सप्ताह पाळतात.

बोली जुळली तरी पोटाचा प्रश्न उरतोच. २०१५ च्या अमृत आहार योजनेनें आदिवासी भागांत गरोदर व पाजत्या स्त्रियांस अंगणवाडींत एक वेळचें पूर्ण जेवण देऊं केलें. परंतु दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस गुजरातेकडे निघतात. गांव सुटलें कीं गांवच्या अंगणवाडींतलें ताटहि मागें राहतें. पहाटे फडांत शिरलेल्या आईचें बाळ झोळींत, थोरल्या बहिणीच्या स्वाधीन असतें. दर दोन-तीन तासांनीं पाजावें, हें तिला ठाऊक असून भागत नाहीं. कोयता खालीं ठेवण्याची सवड मुकादमानें द्यावी लागते.